थोरल्याचा अर्ज

पडद्यावर आधी माझं नाव उमटलं, त्याखाली माझी जन्मतारीख, आणि त्याखाली, मला न विचारता, माझा थोरला भाऊ उमटला.

मुलगी शेजारी बसून एका हातानं माऊस सरकवत होती नि दुसऱ्या हातानं केस वर बांधत होती. तिचा हात केसांतच थांबला.

"बाबा, हे कोण?"

"माझा थोरला."

"तुम्हाला भाऊ आहे?"

"आहे असं नाही. पण नाही असंही नाही."

"झालं सुरू," ती म्हणाली. "मला ड्यूटीला जायचंय हो. आज तरी सरळ बोला."

तिचंही चुकलं नाही. जन्मभर मी खुर्चीत गिऱ्हाईक बसवलं, मानेभोवती फडकं बांधलं, की कात्रीच्या आधी माझी जीभ चालायची. एका पैलवानाची दाढी करताना वस्तरा बोथट झाला, शेवटी लोहाराची कानस आणावी लागली, हे मी एकदा सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दोघंतिघं ती कानस बघायला दुकानात हजर. मी ती दाखवलीसुद्धा. न्हाव्याचा उकिरडा कितीही उकरा, केसच निघणार, तसं माझं तोंड कधीही उघडा, थापच निघणार, हे मुलीला दूध पिण्याच्या वयापासून ठाऊक. त्यामुळे पडद्यावरचा थोरला तिला माझीच एखादी जुनी करामत वाटला. मला मात्र मानेवरून कुणीतरी थंड पाण्याचा फवारा मारल्यासारखं झालं. फवारा मी लोकांवर मारत आलो. आपल्या मानेवर तो कसा लागतो ते मला ठाऊक नव्हतं.

या देशात मी मुलीकडे राहतो तो परवान्यावर. बायको गेली, दुकान विकलं, मुलगी म्हणाली इकडेच या, आलो. परवाना दर वर्षी वाढवून घ्यायचा. आजवर ते काम कागदावर चालायचं. मोठ्या कचेरीत रांग, रांगेच्या टोकाला खिडकी, खिडकीत खाली मान घालून लिहिणारा एक कारकून. मी त्याला चेहऱ्यानं नाही, टाळूवरून ओळखायचो. दर वर्षी टक्कल दोन बोटं मागे सरकायचं, आणि मी त्याला सांगायचो, साहेब, इथून पुढं घाबरू नका, आता ते दमलंय. तो हसायचा नि शिक्का मारायचा. मग यंदा फर्मान निघालं, की कागद बंद. ज्यानं त्यानं ऑनलाइन खातं उघडायचं, अर्ज तिथंच भरायचा, आणि जुन्या सगळ्या फायली कुठल्याशा कंपनीला देऊन खात्यांना जोडून टाकल्यात. खिडकीला आतून पत्रा ठोकला. टक्कल कुठं गेलं, कुणास ठाऊक.

त्या जुन्या कागदांवर एक रकाना असायचा, भावंडं. मी त्यात दर वर्षी लिहायचो: एक थोरला भाऊ. त्याच्या पुढचा रकाना मृत्यूच्या तारखेचा. तो मी कोरा सोडायचो. कारकुनानं कधी विचारलं नाही. कागदाचं बरं असतं, कोऱ्या जागेकडे तो काणाडोळा करतो. यंत्राला ती कला नाही. मेल्याची तारीख नाही ना, मग माणूस जिवंत, असा त्याचा साधा हिशेब.

तारीख मला ठाऊकच नव्हती. थोरला मान धरायच्या आत गेला, एवढंच शेजारणींच्या बोलण्यातून मला कळलं. आई मात्र तो गेला असं कधी म्हणाली नाही. मुलं किती, असं कुणी विचारलं की ती 'दोन' म्हणायची, आणि विचारणारा माझ्या मागे कुणी उभं आहे का म्हणून बघायचा. मी घरात धाकट्या, गल्लीत धाकट्या, शाळेतही धाकट्या. एकुलता एक असून धाकटा. त्याच्यासाठी शिवलेली झबली मला घातली, म्हणजे नवी कोरी असूनही ती मला जुनीच मिळाली. शाळेत एकदा गुरुजींनी विचारलं, भाऊ-बहीण? मी म्हणालो, कुणी नाही, मी एकटाच. ते आईच्या कानावर गेलं. तिनं मारलं नाही. समोर बसवलं, माझी दोन्ही मनगटं आपल्या हातांत धरली नि म्हणाली, "तू नाही म्हणालास की झालं. मग तो नाहीच. तुझ्यावाचून त्याला आहे कोण?" तेव्हापासून मी जगात वाटेल ती थाप मारली, ही एक सोडून.

"बाबा, नीट बघा," मुलगी म्हणाली. "त्याच्यापुढे हिरवी खूण आहे."

अर्ज सादर. ठसे नोंदले. मुलाखत बाकी. असं थोरल्यापुढे. माझ्यापुढे पिवळी खूण: अर्ज अपूर्ण. आणि दोघांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ: एका घरी एकाच ज्येष्ठ नातेवाइकाला परवाना दिला जाईल. मुलीनं ती ओळ मोठ्यानं वाचली, मग मनात वाचली. माझा परवाना महिनाअखेर संपत होता. नवा मिळाला नाही तर परत जायचं, आणि परत म्हणजे कुठं, तर त्या गावी, जिथं माझी हजामत करायलाही आता ओळखीचं कुणी उरलेलं नव्हतं.

तिनं थोरल्याच्या ओळीवर टिचकी मारली. फोटो उघडला.

"हा तर तुमचाच आहे!"

मी चष्मा लावून पुढं वाकलो. न्हाव्यानं आपला चेहरा आरशातच पाहिलेला असतो, आणि आरसा भांग एका बाजूला दाखवतो, फोटो दुसऱ्या. सगळ्यांचंच असं असतं. फोटो बघून बिचकलेल्या गिऱ्हाइकांची मीच समजूत घालायचो. तेव्हा भांग उलटा दिसला याचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते कपाळाचं. माझंच वय, माझंच नाक, तेच पुढं आलेले कान, पण त्या कपाळावर एकही आठी नव्हती. त्या माणसानं कधी कुणाची वाट पाहिली नव्हती, कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, भर उन्हात दुकान उघडून बसला नव्हता. इतकं गुळगुळीत कपाळ मी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नाही, आणि चेहरे मी कमी पाहिलेले नाहीत.

"कधी काढलात हा?"

"मी नाही काढला."

"मग काय, त्यानं काढला?"

आम्ही दोघंही हसलो. ती आधी थांबली.

खात्यात लिहिलं होतं: शेवटचा प्रवेश, काल दुपारी, याच पत्त्यावरून. दुपारी मुलगी दवाखान्यात रक्ताच्या नळ्या तपासत असते, जावई गाडीवर, नात शाळेत. घरात मी एकटा, मागच्या छोट्या खोलीत आडवा. "दुपारी घरात दुसरं कोण असतं?" मुलगी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत संशय असा उभा राहिला की मला तो जवळजवळ बरा वाटला. मला साधा टीव्ही लावता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी माणसाला काहीतरी धरायला लागतं. आता तुम्हाला सांगतो, त्या दुपारच्या झोपेत मला बरेच दिवस टकटक ऐकू यायची. बाहेरच्या खोलीतून. बारीक, न थांबता, घाई नसलेली. मला ती कात्रीची वाटायची, दुकानात असल्यासारखी, आणि मी कूस बदलून आणखी गाढ झोपायचो.

ठसे द्यायला कचेरीत जावंच लागतं, तेवढं अजून यंत्राला घरबसल्या जमत नाही. रांगांचं जुनं दालन रिकामं होतं. रांगा नव्हत्या, माणसं नव्हती, भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्या आणि जिथं खिडक्या होत्या तिथं पत्रे. आमच्या चपलांचा आवाज आमच्या आधी पुढे जायचा. टोकाच्या खोलीत एक बाई काचेच्या पेटीपुढे बसली होती. तिनं माझा हात धरून एकेक बोट काचेवर टेकवलं.

"आजोबा, सैल सोडा. दाबू नका."

काचेवर काही उमटलं नाही. तिनं फडक्यानं काच पुसली, माझी बोटं पुसली, पुन्हा टेकवली.

"काय काम करायचात तुम्ही?"

"न्हावी होतो."

"मग बरोबर. पाणी, साबण, तुरटी. रेषा गेल्या झिजून." तिनं बोट उजेडात धरलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पण मागच्या वेळी तर छान आले होते हो."

"कुठल्या मागच्या वेळी?"

"असं काय करता? मी म्हटलंही तुम्हाला, या वयात अशी बोटं पाहिली नाहीत, अगदी तान्ह्या बाळासारखी. तुम्ही नुसते हसलात. एक शब्द बोलला नाहीत."

"बोललो नाही ना? मग तो मी नव्हे बाई," मी म्हणालो. "मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा."

बाई खळखळून हसली. मुलगी हसली नाही. ती माझ्या बोटांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा संशय निघून गेला होता. त्या जागी काय आलं होतं ते मला बघवेना. बाहेर येताना माझा हात मी खिशात घातला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी आजवर चेष्टेत म्हणत आलो.

घरी येऊन ती पुन्हा पडद्यापुढे बसली, पदर खोचून भांडायला बसावं तशी. थोरल्याला काढून टाकायचं, बस. काढण्यासाठी कारण द्यावं लागतं. पहिलं कारण, मृत्यू: दाखला जोडा. दाखला कुठला? ज्याचं नाव ठेवायच्या आत सगळं आटोपलं, त्याची नोंद गावानं ठेवली नव्हती. ती फक्त आईनं ठेवली होती. दुसरं कारण, घर सोडून गेला: नवा पत्ता द्या. तिसरं, सगळ्यांत खाली: अशी व्यक्ती कधीच नव्हती. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मनगटांकडे पाहिलं. तिनं ते दाबलं. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि लाल अक्षरांत सांगितलं: या व्यक्तीच्या बोटांचे ठसे आमच्याकडे आहेत, ती नव्हती असं म्हणता येणार नाही.

मला सुटल्यासारखं झालं. लाज वाटावी इतकं. आईचे हात माझ्या मनगटांवरून निघाले.

मग मुलीचं बोट, आपसूक, वरच्या ओळीवर सरकलं. माझ्या. कारण तिसरं. यंत्रानं तक्रार केली नाही. ठसे उपलब्ध नाहीत. काढता येईल.

तिनं माऊस सोडून दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक सांगू? रागवायचं नाही."

"सांग."

"तुम्ही मोठे काका व्हा."

"म्हणजे?"

"त्याचा अर्ज पूर्ण आहे. ठसे झालेत. नुसती मुलाखत राहिलीय, तीही घरूनच, पडद्यावर. चेहरा तोच. कुणाला काय कळणार आहे? माणूस तर तुम्हीच राहणार ना इथं. कागदावर काय का असेना."

"कागद राहिलाय कुठं?" मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही गेलात तर मी तुम्हाला तिकडे बघायला कुणाला ठेवू?" तिचा आवाज फाटला. "जन्मभर फुकटच्या थापा मारल्यात. एक माझ्यासाठी मारा."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. नात दारात येऊन उभी होती. तिनं विचारलं, मग मी काय म्हणायचं? तिची आई म्हणाली, तू आजोबाच म्हण, आजोबांचा भाऊसुद्धा आजोबाच असतो. "मग ठीक आहे," म्हणून ती चित्र काढायला निघून गेली. तिच्यापुरता प्रश्न मिटला.

पडद्यावर आलं: ही व्यक्ती कधीच नव्हती. खात्री आहे? "तू दाब," मी म्हणालो. ती म्हणाली, "खातं तुमचं आहे, तुम्हीच दाबायला हवं." दाबलं. काही दुखलं नाही. माझी ओळ फिकी झाली नि गेली, आणि दिवसाअखेर केस झाडून काढल्यावर दुकानाची फरशी व्हायची, तशी ती जागा स्वच्छ झाली. थोरला एक ओळ वर सरकला.

मग तालमी सुरू झाल्या, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मजा आली. माझ्या थापांना घरात प्रथमच मागणी होती. ड्यूटीवरून आली की मुलगी हातात लाटणं घेऊन साहेब व्हायची. "व्यवसाय काय होता आपला?" मी म्हणायचो, "काही नाही. धाकटा कमवायचा, मी बसून खायचो." ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. "लग्न?" "केलं नाही. मुलींच्या बापांना धाकटा आवडायचा." मोठे काका हा शब्द तिनं जन्मात वापरला नव्हता, नव्या चपलेसारखा तो आधी तिला लागायचा. भुवई उडवून, ओठ दाबून म्हणायची, काय मोठे काका! मग भुवई उडवायची विसरली. मग 'मोठे' गेलं. काका, गोळी घेतली का. काका, दार लावा. सवय हवी ना, मुलाखतीत चुकून बाबा निघालं तर, असं तिनं स्वतःच सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं. मी दुपारी आडवा व्हायचो. टकटक बंद झाली होती. त्या आवाजावाचून मला झोप लागेना.

मुलाखतीच्या दिवशी तिनं माझे केस स्वतः विंचरले. समोर बसून विंचरले, त्यामुळे भांग दुसऱ्या बाजूला पडला. मी तो बदलला नाही. पडद्यावर एक तरुण साहेब आला, मागे पांढरी भिंत, अतिशय नम्र. आधी तिला विचारलं, हे आपले कोण? "मोठे काका," ती म्हणाली, मुळीच न अडखळता. आणि वडील? मी तिच्या गालाकडे बघत होतो. आता ती गिळेल एकदा, मला वाटलं. "वडील नाहीत," ती म्हणाली, आपण पत्ता सांगतो तसं. मग साहेब माझ्याकडे वळला. आपल्याला भावंडं? इथं माझं मनगट कुणी धरेल म्हणून मी थांबलो. कुणी धरलं नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी एकटाच."

"लहानपणीचं काही आठवतं का? आईविषयी?"

याची तयारी झाली होती. आईनं थोरल्याला पाठीवर घेऊन पूर आलेली नदी पार केली, अशी झकास थाप मी आठवडाभर घोटून ठेवली होती. थाप सुटताना माझ्या जिभेखाली एक गोडसर पाणी येतं. ती माझी जुनी खूण. मी तोंड उघडलं, आणि जीभ कोरडी. जे आलं ते मी रचलेलं नव्हतं. आईचा चेहरा, खालून पाहिलेला. इतका तरुण, की मी तो कधी पाहिलेलाच नाही. केस मोकळे, तोंडावर येणारे. माझ्या कपाळावर तिचा ओला तळवा. ती खाली वाकते, तिच्या श्वासाचा कढ लागतो, आणि ती कुजबुजते, "तू राहा. मला दुसरं कुणी नको. तू राहा फक्त." हे सगळं मी साहेबाला सांगितलं. सांगताना माझ्या आत कुणीतरी फार लहान, फार जुना, समाधानानं डोळे मिटत होता, आणि आणखी कुणीतरी दाराबाहेर उभं राहून ऐकत होता, ज्याला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबानं चष्मा काढून पुसला. "ठीक आहे," तो म्हणाला. "राहा तुम्ही."

परवाना तासाभरात खात्यात आला. मुलगी ओरडली, नातीला उचलून गरगर फिरवलं, मला मिठी मारली, खांद्यावर डोकं ठेवून रडली. जावयाला फोन केला: मिळाला, हो, काकांना मिळाला. मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. काम झालं होतं. साहेब गेला होता, पडदा मिटलेला होता, आता ऐकणारं कुणी नव्हतं. आता ती येईल, दारात उभी राहील नि हाक मारेल, आणि मी असं काही बोलेन की दोघंही हसत सुटू. काय बोलायचं तेही मी जुळवून ठेवलं. भिंतीवरचं ऊन खाली उतरलं. आत कपाट उघडल्याचा, भांडं ठेवल्याचा आवाज आला.

ती आली. हात पुसत दारात उभी राहिली. महिनाभराची काळजी तिच्या चेहऱ्यावरून उतरली होती, इतकी मोकळी ती लग्नानंतर मला दिसली नव्हती.

"काका, चहा टाकतेय."

मी तिच्या भुवईकडे पाहिलं. भुवई जागच्या जागी होती. ती दोन पावलं जाऊन परत वळली, आणि परक्या माणसाशी बोलताना येतो तसा थोडा संकोच तिच्या हसण्यात होता.

"साखर किती घेता हो तुम्ही?"

ती चार वर्षांची होती तेव्हापासून माझ्या कपात दोन चमचे साखर तीच घालत आलीय, आणि तिसरा चोरून. जुळवून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडात होतं. ती चमचा हातात धरून, मान तिरकी करून, अगदी आदरानं वाट बघत होती.

"तू घालशील तेवढी," मी म्हणालो.